आगाऊ घेतलेला पैसा म्हणजे कमाई नव्हे
जपानच्या भाषाशाळांकडून घेण्याचा धडा

गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय ज्यांचे काम सुरू होत नाही, असे अनेक कारागीर व व्यापारी बांधव आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी या वेळी आम्ही जपानमधील एका धंद्याची माहिती देत आहोत.

जपानमध्ये शाळेत अनेक वर्षे इंग्रजी शिकूनही बोलताना अडखळणारे पुष्कळ आहेत. शाळेचा भर परीक्षा आणि व्याकरणावर, म्हणून बोलणे शिकवण्याचा खाजगी धंदा तेथे उभा राहिला. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला आंतरराष्ट्रीय शाळांचा. योकोहामाची सेंट मोर शाळा १८७२ पासून चालू आहे. टोकियोत २००४ आणि २००६ साली भारतीयांसाठीही अशा शाळा निघाल्या. येथे मुले थोडी आणि फी भारी. दुसरा प्रकार 'एइकाइवा' म्हणजे इंग्रजी संभाषणाचे वर्ग. हे वर्ग रेल्वे स्टेशनजवळ भरतात आणि नोकरदार, गृहिणी, विद्यार्थी सगळेच तेथे येतात.

नोव्हाची वाढ आणि पतन

या दुसऱ्या प्रकारातील सर्वांत मोठे नाव नोव्हा. ही संस्था १९८१ साली ओसाका येथे सुरू झाली. 'स्टेशनसमोरच परदेशी शिक्षण' ही तिची जाहिरात घरोघरी पोहोचली होती. भरभराटीच्या काळात तिच्या सुमारे ९०० शाखा झाल्या.

नोव्हा तासांचे पॉइंट आगाऊ विकत असे. जितके जास्त पॉइंट घ्याल तितका भाव कमी. त्यामुळे लोक एकदम मोठी रक्कम भरत. मात्र कोणी मध्येच शिकणे सोडले, तर झालेल्या तासांचा हिशेब चढ्या भावाने होई. समजा, १०० तास ५० रुपये दराने घेतले, म्हणजे ५,००० रुपये भरले. ४० तास शिकून सोडल्यास ३,००० परत मिळायला हवेत. पण झालेले तास ८० रुपयांच्या दराने मोजले, तर हाती १,८०० च येतात.

जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ एप्रिल २००७ रोजी ही पद्धत बेकायदा ठरवली. जूनमध्ये सरकारने एक वर्षाहून जास्त मुदतीचे नवे करार करण्यास सहा महिने बंदी घातली. नवा पैसा आटला आणि जुने लोक परतावा मागू लागले. पगार थकले. शिक्षकांच्या पगारातून कापलेले घरभाडे घरमालकांपर्यंत पोहोचले नाही, आणि काहींवर घर सोडण्याची पाळी आली. जेवणाच्या बदल्यात शिकवणी देण्याची वेळही काहींवर आली. २६ ऑक्टोबर २००७ रोजी कंपनीने न्यायालयात संरक्षण मागितले. लाखो विद्यार्थी आणि हजारो शिक्षक अडचणीत सापडले. धंदा दुसऱ्या कंपनीने घेतला, परंतु जुन्या परताव्यांची जबाबदारी घेतली नाही. कर्मचाऱ्यांच्या निधीचा अपहार केल्याबद्दल संस्थापकाला २००९ साली शिक्षा झाली. २०१० साली जिओस ही दुसरी मोठी संस्थाही दिवाळखोरीत गेली.

आपण काय शिकावे?

नोव्हाकडे गिऱ्हाईक कमी नव्हते. उद्या द्यायच्या सेवेचा पैसा हातात येताच तो नव्या शाखा आणि जाहिरातींत घालणे, हे तिच्या पतनाचे मोठे कारण ठरले. आमच्या मते आपण चार गोष्टी पाळाव्यात.

१) लग्नाच्या कपड्यांचा किंवा फर्निचरचा बयाणा काम पुरे होईपर्यंत देणे म्हणून वहीत लिहावा. तो गिऱ्हाइकाची अमानत आहे.

२) बयाण्यातून त्याच कामाचा कच्चा माल घ्यावा. त्या पैशावर दुसरे दुकान उघडू नये.

३) काम रद्द झाल्यास किती पैसे परत मिळतील, हे पावतीवर आधीच लिहावे. हिशेबाचा दर घेताना एक आणि देताना दुसरा असू नये.

४) कारागिरांची मजुरी आणि त्यांच्या नावाने कापलेली रक्कम कधीही अडकवू नये.

जपानमध्ये अशा करारांना आठ दिवसांत विनाखर्च रद्द करण्याची मुभा कायद्यानेच आहे. आपल्या दुकानात असा नियम आपणच लावून घेतला, तर गिऱ्हाइकाचा विश्वास वाढेल, आणि धंद्यात विश्वासाहून मोठे भांडवल नाही.