जुन्या दुहेरी केबिनच्या पिकअपची पुनर्बांधणी

शेतकऱ्याच्या दारांतील मोटार ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. माल बाजारांत न्यावयाचा, खतें व औषधें आणावयाचीं, मुलांस शाळेंत व वृद्ध माणसांस दवाखान्यांत पोंचवावयाचें, हीं सर्व कामें एकाच गाडीकडून करून घ्यावीं असा पुष्कळ कुटुंबांचा विचार असतो. पुढें पांच माणसांस बसावयास जागा व मागें उघडा हौदा अशी दहा-बारा वर्षें वापरलेली पिकअप विकत घ्यावी, ती दुरुस्त करावी व तिच्या मागें लहानसा दोनचाकी ट्रेलर जोडावा, असा बेत करणारे बागायतदार म्हणूनच आढळूं लागले आहेत. नवीन गाडीच्या मानानें ह्यांत खर्च पुष्कळ कमी पडतो, हें खरें. परंतु दुरुस्तीच्या कामांचा क्रम चुकला, तर वांचविलेल्या पैशांची भरपाई भलत्याच ठिकाणीं करावी लागते. प्रस्तुत लेखांत त्या क्रमाचाच मुख्यतः विचार केला आहे.

ह्या जातीची गाडी अमेरिकेंत प्रथम शेतकऱ्यांच्याच परिचयाच्या एका कंपनीनें काढली. कापणीयंत्रें व ट्रॅक्टर करणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें १९५७ सालीं 'ट्रॅव्हलेट' नांवाची दुहेरी केबिनची पिकअप बाजारांत आणली. त्या देशांत गुरें, घोडे, गवत ट्रेलरांतून नेण्याचा प्रघात मोठा. म्हणून गाडीनें मागें किती वजन ओढावें हा आकडा तेथील कारखानदार आपल्या पुस्तिकेंत छापतात. आपल्याकडे बोलेरो कॅम्पर, टाटा झेनॉन वगैरे गाड्या त्याच घाटणीच्या आहेत; मात्र ओढावयाच्या वजनाचा आकडा पुस्तिकेंत सांपडेलच अशी खात्री नसते. आकडा नसल्यास अधिकृत विक्रेत्याकडून तो लेखी मागून घ्यावा. तोंडीं मिळालेल्या उत्तरास, या लेखकाच्या महसुली अनुभवाप्रमाणें, कांहीं किंमत नाहीं. लेखी नकार आला तर ट्रेलराचा विचार सोडून द्यावा व हौद्यावरच समाधान मानावें.

कागदपत्रांचा विषय निघालाच आहे तर तो येथेंच पुरा करूं. नोंदणीपत्र हा गाडीचा सातबारा होय. त्यांतील रिकामें वजन व भारासह एकूण वजन हे दोन आकडे प्रथम उतरून घ्यावे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणें कारखान्यानें ठरविलेल्या व नोंदणीपत्रांत दाखल झालेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार मालकास करतां येत नाहीं, व सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मधील निकालांत हेंच उचलून धरलें आहे. सबब सांगाडा लांबविणें, हौदा काढून केबिन वाढविणें असल्या कल्पना कारागिरानें सुचविल्या तरी ऐकूं नयेत. ट्रेलराची नोंदणी निराळी होते, त्याचा विमाही पाहावा लागतो, आणि गाडीस हुक बसविण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारणा करून त्याची पोंच ठेवावी. गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर आठ वर्षांनंतर तिची योग्यता-तपासणी दरवर्षीं करून घ्यावी लागते, हेंही खर्चांत धरावें.

आतां मूळ मुद्दा. जुनी गाडी घेणारा मनुष्य प्रथम इंजिनाकडे पाहतो. गॅरेजवालाही इंजिन उघडण्याचीच भाषा बोलतो, कारण त्यांत मजुरी मोठी. वस्तुतः ट्रेलर ओढणाऱ्या गाडींत इंजिनाचा क्रम शेवटून पहिला आहे. इंजिन कमी पडलें तर गाडी चढावर रडतखडत जाईल किंवा थांबेल. ब्रेक अथवा सांगाडा कमी पडला तर ती उतारावर थांबणार नाहीं, आणि त्या वेळीं आंत घरचीं माणसें बसलेलीं असतात. म्हणून सांगाडा, ब्रेक, पाटे, जोडणी आणि मग इंजिन, असा क्रम ठेवावा.

आमच्या नात्यांतील एका डाळिंब बागायतदारानें अशी बारा वर्षांची गाडी घेतली. बाजाराच्या दिवशीं मागें ट्रेलरांत क्रेट व पुढें बायकामुलें, असा त्याचा बेत होता. गाडी खालून नुकतीच काळ्या रंगानें रंगविलेली होती व विकणारा तोच तिचा गुण म्हणून सांगत होता. आमच्या आग्रहावरून तारेच्या ब्रशानें रंग खरवडला, तेव्हां मागील उजव्या पाट्याचा कान जेथें सांगाड्यास जोडलेला असतो तेथें बोटभर लांबीची चीर निघाली. अशी चीर हौद्यांतील मालानें हळूहळू वाढते. ट्रेलराच्या हिसक्यांनीं ती फार लवकर वाढते. तेव्हां खालून ताजा रंग दिलेली गाडी दिसल्यास आनंद मानण्याऐवजीं संशय घ्यावा. लहान हातोडीनें सांगाड्याच्या तुळया ठोकून पाहाव्या. निकोप पोलाद खणखणतें, आंतून गंजलेलें बद्द बोलतें. चीर निघाल्यास जाणत्या कारागिराकडूनच काम करून घ्यावें. तुळईच्या वरच्या व खालच्या कडेवर आडवें वेल्डिंग करूं नये, कारण ताण तेथेंच सर्वांत अधिक असतो व नवी चीर वेल्डिंगच्या कडेनेंच निघते. वेल्डिंगपूर्वीं बॅटरीच्या तारा सोडाव्या.

ब्रेकांचें काम अर्धवट करूं नये. पुढच्या चकत्यांवर किमान जाडीचा व मागच्या ड्रमांवर कमाल व्यासाचा आकडा बहुधा कोरलेला असतो. मोजमाप घेऊन त्याबाहेर गेलेला भाग बदलावा. रबरी नळ्या वरून चांगल्या दिसल्या तरी जुन्या झाल्यावर आंतून फुगतात, म्हणून त्या सरसकट नव्या घालाव्या. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. 'डॉट ४' जातीचें ताजें तेल निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाहीं. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खालीं येऊं शकते. तेल उकळलें म्हणजे नळींत वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल जमिनीस टेकतें. जुन्या गाडींतील तेल किती वर्षांचें आहे हें कोणी सांगूं शकत नाहीं. तें सर्व काढून नवें भरावें व पुढें दर दोन वर्षांनीं बदलावें.

घाटांत ब्रेकांवर काय प्रसंग येतो याची कल्पना हिशेबानें येईल. गाडी माणसें व मालासह २,५०० किलो व ट्रेलर ७०० किलो, म्हणजे एकूण ३,२०० किलो वजन ३०० मीटर उंचीवरून खालीं उतरत आहे असें धरूं. गति वाढूं द्यावयाची नसेल तर ह्या उतरण्यांत सुमारे ९४ लाख ज्यूल इतकी शक्ति कोठें तरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेनें विहिरीचें ३० लिटर थंड पाणी उकळीस येईल. ही सर्व उष्णता ब्रेकांच्या चार चाकांत ओतावयाची, कीं गाडी दुसऱ्या गिअरमध्यें ठेवून तिचा मोठा भाग इंजिनाकडून अडवावयाचा, हें चालविणाऱ्याच्या हातीं आहे. उतारावर गिअर काढून, किंबहुना इंजिन बंद करून, डिझेल वांचविण्याची जी खोड कित्येकांस असते ती येथें प्राणघातक ठरते. पुष्कळ डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा निर्वात पंप अल्टरनेटरच्या मागें बसविलेला असतो. इंजिन थांबलें कीं तो थांबतो, व दोन-तीन वेळां पेडल दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कठीण होतो. त्याच कारणास्तव अल्टरनेटरचा पट्टा चिरलेला दिसतांच बदलावा. त्यावर केवळ दिवे नव्हे, ब्रेकही अवलंबून आहेत.

ट्रेलरास स्वतःचा ब्रेक असावा कीं नाहीं? युरोपांतील नियमांप्रमाणें ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरास तो नसला तरी चालतो, त्यापुढें असावाच लागतो. आमचें मत असें कीं, ज्यास घाट उतरावयाचा आहे त्यानें ५०० किलोच्या ट्रेलरासही ब्रेक बसवून घ्यावा.

पाट्यांविषयीं एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. मागें भार पडून गाडी बसूं नये म्हणून जादा पाटे घालण्याची पद्धति आहे. परंतु पुष्कळ पिकअपना मागील आंसाजवळ एक झडप असते. गॅरेजमध्यें तिला एल.एस.पी.व्ही. म्हणतात. हौदा जितका खालीं दबेल तितका भार अधिक आहे असें समजून ती मागच्या ब्रेकांस अधिक दाब देते. जादा पाट्यांमुळें हौदा दबेनासा झाला, कीं झडपेस गाडी रिकामीच वाटते व मागचे ब्रेक भार असूनही दुबळे राहतात. म्हणून कारखान्यानें ठरविले तेवढेच पाटे नवे घालावे, यू-बोल्ट जुने परत वापरूं नयेत, व झडपेचा दांडा पुस्तिकेप्रमाणें जुळवून घ्यावा.

आतां जोडणीवरील भार. बैलगाडी भरतां येणाऱ्यास हें शिकवावयास नको. माल मागें फार झाला तर गाडी उलाळ होते, पुढें फार झाला तर बैलांची मान दबते; ट्रेलराचेंही तसेंच आहे. ट्रेलराच्या एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा हुकावर यावा. याहून पुष्कळ कमी असेल तर वेग वाढतांच ट्रेलर शेपटासारखा डोलूं लागतो व गाडीस बरोबर ओढून नेतो. ७०० किलोच्या ट्रेलराचा भार ७० ते १०० किलो झाला. सपाट जागीं ट्रेलराचा दांडा हुकाच्या उंचीइतक्या ठोकळ्यावर ठेवून, ठोकळ्याखालीं धान्याचा काटा ठेवला, कीं तो मोजतां येतो.

हे १०० किलो हुकावर आले म्हणजे मागील आंसावर तेवढेच आले असें मात्र नाहीं. हुक आंसाच्या मागें १.२ मीटर व दोन आंसांतील अंतर ३ मीटर धरल्यास तरफेच्या नियमानें पुढचीं चाकें ४० किलोंनीं हलकीं होतात व मागच्या आंसावर १४० किलो पडतात. पुढचीं चाकें हलकीं झालीं कीं सुकाणू व पुढचे ब्रेक दोन्ही ढिले पडतात. म्हणून हुक शक्य तितका आंसाजवळ असावा. नोंदणीपत्रांतील दोन वजनांची वजाबाकी समजा १,००० किलो आहे. त्यांतून पांच माणसांचे ३५०, हत्यारें व जादा चाक यांचे ५० आणि हुकाचे १०० वजा जातां हौद्यांत ५०० किलोच शिल्लक राहतात. ही वजाबाकी न करितां हौदा काठोकाठ भरणारे पुष्कळ. साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या वजनकाट्यावर एकदां पुढचा व मागचा आंस निरनिराळा तोलून पाहावा.

हुकाच्या गोळ्याशिवाय दोन साखळ्या असाव्या व त्या दांड्याखालून एकमेकींस छेदून बांधाव्या, म्हणजे जोड निसटला तरी दांडा रस्त्यांत न रुततां साखळ्यांच्या झोळींत पडतो. ट्रेलराच्या दिव्यांस निराळा फ्यूज घालावा आणि परतीची तार सॉकेटमधूनच न्यावी. गोळ्याच्या लोखंडावर भरंवसा ठेवल्यास ग्रीसमुळें दिवे लुकलुकतात. गळिताच्या हंगामांत विनादिव्याच्या उसाच्या ट्रॉल्या रात्रीं रस्त्यावर किती घात करितात हें सर्वांस ठाऊक आहे. मागें तांबड्या परावर्तक पट्ट्या लावण्यास खर्च नाममात्र येतो.

टायर घेतांना बाजूवरील चार आंकडी खूण वाचावी: '३४१९' म्हणजे २०१९ सालचा ३४ वा आठवडा. दिसावयास भारदस्त म्हणून मोठ्या मापाचे टायर घालूं नयेत, त्यांनीं चढावरील ओढ कमी होते.

इंजिनाचें थोडक्यांत. चालू इंजिनावरील तेलाचें झांकण काढून धुराचा जोर पाहावा व कॉम्प्रेशन मोजावें. दोन्ही ठीक असतील तर तें उघडूंच नये. पंप वाढवून ताकद आणण्याचा मोह टाळावा. रेडिएटर मात्र आंतून साफ करून घ्यावा व त्यांत विहिरीचें क्षारयुक्त पाणी न घालतां कूलंट घालावें. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणें हा उपाय नव्हे. त्यानें इंजिन थंडच चालतें, झिजतें आणि डिझेल अधिक खातें. ट्रेलर ओढावयाचा असल्यास क्लच-प्लेट, प्रेशर-प्लेट व बेअरिंग एकदमच बदलावें.

केबिन माणसांसाठीं आहे, म्हणून मागच्या बाकावरही पट्टे हवेत. दारांचीं कुलुपें, केबिनखालचे रबरी ठोकळे व दारांभोंवतालचीं रबरें नवीं घ्यावीं, नाहीं तर धूर आंत येतो. ट्रेलरांत माणूस, विशेषतः मूल, कधींही बसवूं नये. जत्रेचा दिवस असला तरी.

सर्व काम पुरें झाल्यावर पहिली चाचणी घरच्या माणसांशिवाय घ्यावी. ट्रेलरांत ५० किलोचीं पोतीं मोजून ठेवावीं. पाण्याची अर्धी भरलेली टाकी ठेवूं नये, पाणी हिंदकळून वजन पुढें-मागें होतें. प्रथम चार पोतीं, मग आठ, असें वाढवीत मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशीं ३० किलोमीटर वेगानें जाऊन ब्रेक लावावे व गाडी किती अंतरांत थांबते हें पावलांनीं मोजून टिपून ठेवावें. नंतर लहानशा उतारावर तेंच करावें. थांबल्यावर चारही चाकांच्या मध्याजवळ हात नेऊन पाहावा. एक चाक इतरांहून फार तापलें असेल तर त्याचा ब्रेक धरून राहिला आहे असें समजावें. शंभर किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट, हुकाचे बोल्ट व चाकांच्या चाक्या पुन्हां आंवळून घ्याव्या.