लॅपटॉप उठेना तेव्हा

आमचा लॅपटॉप अचानक सुरूच होईना, विंडोज बिघडले. आजीचे फोटो आत अडकले! सुरू होताना कुठली डिस्क वाचायची, हे मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्राम ठरवतो. म्हणून आम्ही त्याला दुसरी डिस्क दाखवली.

शेजाऱ्यांच्या संगणकावर रूफस वापरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू उतरवले. (नुसती फाइल कॉपी करून भागत नाही, आणि पेनड्राइव्हवरचे जुने सगळे पुसले जाते.) तो लावला, लॅपटॉप चालू करताच एफ १२ दाबत राहिलो. काही लॅपटॉपवर एफ ९ असते. यादीतून यूएसबी निवडले.

इथे सावध! 'ट्राय' निवडा. 'इन्स्टॉल' केलेत तर फोटोंसकट डिस्क पुसली जाऊ शकते. बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी हवी.

फोटो दुसऱ्या ड्राइव्हवर उतरत असतानाच आजीचा फोन आला, "सापडले का रे?"