वर्षावास आणि श्वासाचे अवधान

'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत,' असे घरातली वडीलधारी माणसे ऐकवतात तेव्हा आपण मुकाट्याने मान खाली घालतो. पण वय पावसाळ्यांनी मोजण्याची ही रीत किती जुनी आहे, हे विनयपिटक चाळीपर्यंत मला ठाऊक नव्हते. बौद्ध भिक्षूची संघातील ज्येष्ठता त्याच्या जन्मसालावर ठरत नाही. उपसंपदेनंतर त्याने किती वर्षावास पुरे केले यावर ठरते. ऋतू आणि साधना यांची गाठ इतकी घट्ट बांधलेली पाहून मला कुतूहल वाटले आणि त्यातूनच हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

वर्षावास म्हणजे आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने एका जागी राहणे. महावग्गात या नियमाचा उगम दिला आहे. भिक्षू पावसाळ्यातही हिंडत, हिरवे गवत तुडवीत, लहान जीव चिरडीत. लोक कुरकुरू लागले : इतर पंथांचे साधू एका जागी राहतात, पाखरेसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटी करून राहतात, मग यांनाच काय झाले? तेव्हा राजगृहाच्या वेळुवनात हा नियम झाला. म्हणजे नियम ध्यानासाठी झाला नाही, गवतासाठी झाला! ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पायाखाली काय आहे याचे भान आधी आले. डोळे मिटून बसणे त्याला नंतर जोडले गेले.

पुढचे पोटनियम तर मोठे गमतीचे आहेत. झाडाच्या ढोलीत, उघड्यावर किंवा मोठ्या रांजणात वर्षावास करू नये. (कोणीतरी रांजणात बसून पाहिले असेलच, त्याशिवाय नियम कशाला होईल?) मात्र गुराख्यांच्या वाड्यावर, तांड्याबरोबर किंवा नावेत राहण्यास हरकत नाही, वाडा हलला तर भिक्षूने त्याच्याबरोबर जावे. आणि आई किंवा वडील आजारी पडले, तर बोलावणे आलेले नसतानाही जावे, सात दिवसांत परत यावे. या शेवटच्या नियमाकडे मी पुन्हा येणार आहे.

आता अवधानाविषयी. पाली भाषेत त्याला 'सति' म्हणतात, संस्कृतात स्मृती. 'सती' म्हटले की आपल्याकडे भलताच अर्थ डोळ्यांपुढे येतो, म्हणून मी अवधान हाच शब्द वापरते. श्वासाच्या अवधानाचा मूळ उपदेश, आनापानसति सुत्त, मज्झिमनिकायात ११८ वे आहे. त्यातील सोळा पायऱ्यांची चर्चा पुष्कळ होते. पण तो उपदेश कधी दिला याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. श्रावस्तीच्या पूर्वारामात वर्षावास संपला होता. भिक्षूंची प्रगती पाहून बुद्ध संतुष्ट झाले आणि आणखी एक महिना, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, तेथेच थांबले. त्या पौर्णिमेला कोमुदी म्हणत, कारण तेव्हा पांढरी कुमुदे फुलतात. पावसाचा आवाज थांबला आहे, आभाळ निवळले आहे, अशा रात्री मोकळ्या अंगणात हा उपदेश झाला. माझ्या मते हा योगायोग नसावा.

असे म्हणण्याचे धाडस मी स्वतःच्या वहीच्या जोरावर करते. धर्मानंद कोसंबींचे 'समाधिमार्ग' ग्रंथालयातून आणून मी घरच्या घरी आनापानाचा अभ्यास सुरू केला आणि रोज दोन ओळी लिहू लागले. वर्षभराच्या नोंदी एकत्र वाचल्यावर लक्षात आले की प्रत्येक ऋतूत श्वास वेगळा सापडतो. मार्गशीर्षातल्या पहाटे आत जाणारा श्वास गार आणि बाहेर पडणारा कोमट. नाकपुडीच्या कडेला फरक आपोआप कळतो. वैशाखात दोन्ही सारखेच गरम, मन चिडचिडे, आणि दहा श्वास मोजणे म्हणजे डोंगर. श्रावणात दमट हवेत श्वास जणू विरघळतो, हाती लागते ती झोप. म्हणून नव्याने बसणाऱ्यांना माझे सांगणे आहे की सुरुवात थंडीत करावी. 'मला जमत नाही' असे ज्याला वाटते, त्याने कदाचित चुकीचा महिना निवडलेला असतो.

२०२३ च्या जुलैत इतिहास विभागाची सहल अजिंठ्याला गेली. सगळे चित्रांकडे धावले. मी बारा क्रमांकाच्या लेण्यात शिरले. चित्रांच्या ओढीने येणारे तिथे फारसे थांबत नाहीत. तीन बाजूंना चार-चार खोल्या आणि प्रत्येकीत दोन दगडी ओटे. एका ओट्यावर बसले तर खालून वाघूर नदीचा आवाज येत होता. तीन महिने हा एकच आवाज ऐकणाऱ्याचे मन कसे होत असेल, या विचाराने मी भारावून गेले. त्या दिवसाची नोंद वहीत चांगली पानभर आहे.

आणि लगेच ऑगस्ट आला. त्या ऑगस्टात पावसाने अशी दडी मारली की १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. आमचे सोयाबीन फुलोऱ्यात होते. गावच्या विहारात वर्षावासात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. मी कॉलेजात शिकते म्हणून वाचण्याचे काम माझ्याकडे. आप्पा मागच्या भिंतीला टेकून बसत. एके दिवशी वाचन संपल्यावर आजीने विचारले, ''वर्षावास म्हणत्यात, अन् वर्षा कुठंय?'' कोणीच हसले नाही. त्या आठवड्याच्या माझ्या वहीत मात्र लिहिले आहे : 'आज मन शांत. श्वास लांब.' पिकाबद्दल एक अक्षर नाही. आप्पा रात्री तीन वेळा उठून आभाळ पाहून येत, ते मला ऐकू येत होते. तेही वहीत नाही.

वर्षावासाच्या शेवटी पवारणा असते. प्रत्येक भिक्षू संघाला विनवितो की माझ्यात जे दोष तुम्ही पाहिले, ऐकले किंवा ज्यांची शंका आली, ते मला सांगा. आश्विन पौर्णिमेला, थोडे हौसेनेच म्हणा ना, मी आईला हे समजावून सांगितले आणि म्हटले, ''सांग, माझं काय चुकलं?''

आईने भाकरी थापता थापता सांगितले, ''पहाटं तू डोळे झाकून बसतीस. हापशाला पाणी बी त्याच येळंला येतं. चार महिने झालं, मी एकटीच भरते. खांदा दुखतो माझा. तुला बोलले नाही, म्हटलं पोरगी काहीतरी चांगलं करतीया.''

आई आजारी असेल तर बोलावणे नसतानाही जावे. हा नियम मी टिपून घेतला होता, त्याखाली लाल शाईची रेघसुद्धा मारली होती.

आता पहाटे मी हापशावर असते. दांडा खाली जाताना श्वास बाहेर, वर येताना आत. एक घागर भरायला तीस-पस्तीस श्वास लागतात. मार्गशीर्षात दांडा इतका गार असतो की पहिले पाच-सहा श्वास तळहातातच जातात. पाणी मात्र कोमट येते. वहीत हल्ली ते लिहिते, आणि आईचा खांदा कसा आहे तेही.