हरेगावला गर्दी टाळून कसं जावं?

प्रश्न : आम्ही कसबा पेठेतले सहा ज्येष्ठ मित्र. हरेगावच्या मतमाउलीचं दर्शन एका दिवसात, शांतपणे होईल का? आमच्यात ख्रिस्ती दोघेच आहेत. (एक वाचक, कसबा पेठ)

उत्तर : होईल, फक्त सप्टेंबर सोडा. ८ सप्टेंबरला मारियामातेचा, म्हणजेच मतमाउलीचा जन्मदिन; त्याच सुमारास यात्रा भरते आणि महाराष्ट्रभरातून भाविक लोटतात. ती गर्दीही पाहण्याजोगी, पण तुमच्या गुडघ्यांसाठी नव्हे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला आडवार निवडा.

हरेगाव श्रीरामपूर तालुक्यात, नाशिक धर्मप्रांतात येतं. पुण्याहून नगरमार्गे गाडीनं चारेक तास धरा. पहाटे निघा, वाघोलीची कोंडी चुकेल. मोठी गाडी पेठेच्या बोळांत बोलावू नका, शनिवारवाड्यापाशी जमा. रेल्वेनं गेलात तर ‘बेलापूर’ स्थानकावर उतरायचं, ते श्रीरामपुरातच आहे.

निघण्यापूर्वी धर्मगुरूंना फोन करून मिस्साची वेळ विचारा. मिस्सा मराठीत असते, त्यामुळे बाकीचे चौघे खुशाल बसू शकतात. ख्रिस्तप्रसाद मात्र कॅथलिकांनीच घ्यायचा. इतरांनी जागेवर थांबलं तर कुणी वावगं मानत नाही. मेणबत्ती कुणीही लावावी. शिर्डी जवळच आहे, पण त्याच दिवशी तीही उरकायचा मोह आवरा!