‘नेट गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

प्रवेशाचा फॉर्म भरायच्या ऐन वेळी घरातून हाक येते, ‘नेट गेलं!’ वडील राउटर बंद करून चालू करतात आणि सगळे डोळे लावून बसतात. अशा वेळी ‘पण अडलं कुठे?’ हा प्रश्न ज्या मुला-मुलीला स्वस्थ बसू देत नाही, त्यांनी नेटवर्किंगचा विचार जरूर करावा.

या क्षेत्रातले शब्द पाठ करून राहत नाहीत, बिघाड शोधताना मात्र पक्के बसतात. सुरुवात आयपी अ‍ॅड्रेसपासून. घरातल्या मोबाइलवर तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. शेजाऱ्यांकडेही अगदी तोच असू शकतो, जशी प्रत्येक चाळीत ‘खोली नंबर ४’ असते. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी, म्हणून ही सोय. घरातले पत्ते वाटते राउटरमधली डीएचसीपी सेवा. विंडोजच्या लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, की जाणकार लगेच ओळखतो: राउटरकडून काही मिळालेलं नाही, लॅपटॉपने आपणच एक पत्ता घेतलाय. मग आधी केबल आणि वायफाय बघायचं.

पत्ता ठीक असेल तर राउटरला पिंग करायचं, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघायचं. उत्तर आलं तर पुढे बाहेरच्या इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला. तिथूनही आलं, तरी वेबसाइट उघडत नसेल, तर संशय डीएनएसवर. नाव दिलं की आकडी पत्ता शोधून देणारी ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. पिंगही त्याच वर्षीचं, माइक म्यूस यांचं.

‘म्हणजे पोरगा वायरी ओढत फिरणार?’ ही पालकांची धास्ती. सुरुवातीला ओढाव्याही लागतात, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. केबलमधल्या आठ तारा पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी अशा लावून, टोकं एका रेषेत कापून कनेक्टरमध्ये सारायच्या आणि क्रिम्पिंग टूल दाबायचं. एखादी तार केसभर आखूड राहिली तर टेस्टरवर तेवढाच दिवा लागत नाही. हा हात बसलेला माणूस पुढे स्विच, फायरवॉल, क्लाउड अशा कामांकडे जातो तेव्हा त्याची समज वेगळी असते.

वाटा अनेक आहेत. आयटीआयचा ‘कोपा’ हा एक वर्षाचा संगणक अभ्यासक्रम, दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा किंवा पदवी. सिस्को कंपनीच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेला तर पदवीची अटही नाही.

क्लासची भली मोठी फी भरण्याआधी मात्र सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कच्या सरावाचं मोफत सॉफ्टवेअर उघडून पाहावं. दोन संगणक, मध्ये राउटर, आणि पिंग. पहिला पिंग अनेकदा वाया जातो, पुढचे पोहोचतात. असं का झालं, हे मुलगी रात्री जागून शोधते की ‘चाललं ना’ म्हणून खिडकी बंद करते, एवढं आई-वडिलांनी शेजारी बसून बघावं.