नागफणीची वाट आणि अवधूतांचे गुरू



भागवताच्या अकराव्या स्कंधातला यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आपल्या वाचकांना नवा नाही. त्यावरची नाथांची टीका, म्हणजे एकनाथी भागवत, काशीत १५७३ साली पूर्ण झाली, आणि तेव्हापासून चोवीस गुरूंची यादी मराठी घरांत म्हटली जाते. पृथ्वी, वायू, आकाश, जल, अग्नी इथपर्यंत सगळ्यांना येते. पुढे कपोत, अजगर, समुद्र म्हणेपर्यंत जीभ अडखळते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, सारी नोकरी बँकेच्या काउंटरमागे गेली. त्यामुळे शास्त्रार्थ सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण यादी दिसली की ती ताडून पाहायची, ही सवय हाताला लागलेली आहे. ती ताडताना एक गोष्ट लक्षात आली. ह्या चोवीसांत मठात बसलेला, गादीवरचा असा एकही गुरू नाही. बहुतेक सगळे उघड्यावरचे. आणि आपण त्यांच्याबद्दल वाचतो ते सभामंडपात, पंख्याखाली!

हे सुचायला निमित्त झाले गिरनारचे. आमच्या गुरुवारच्या वाचनाला येणाऱ्या सहा जणांनी दत्तजयंतीनंतर गिरनारला जायचे ठरवले. गिरनारच्या पायऱ्या सुमारे दहा हजार. २०२० सालच्या ऑक्टोबरपासून रोपवे सुरू झाला आहे, पण तो अंबाजीपर्यंतच. पुढचे गोरक्षशिखर आणि त्यापुढचे दत्तशिखर पायीच गाठावे लागते, नाहीतर डोलीत बसावे लागते. आमच्यात सगळ्यात लहान मी, आणि माझेच वय चौसष्ट. तेव्हा आधी पायांची परीक्षा घ्यावी म्हणून कार्तिकातले तीन रविवार आम्ही लोणावळ्याजवळची नागफणी चढलो.

नागफणी म्हणजे खंडाळ्याच्या दरीवर नागाने फणा काढावा तसा उभा असलेला सुळका. इंग्रजांना तिथे ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक दिसले, म्हणून त्यांनी 'ड्यूक्स नोज' नाव दिले. हाच तो वेलिंग्टन, १८०३ साली असईला मराठ्यांशी लढलेला. आपल्या लोकांना नाग दिसला, साहेबाला नाक दिसले. असो. लोणावळ्याहून आयएनएस शिवाजीवरून कुरवंडे गावात उतरायचे. गावामागून मोकळ्या माळावरून वाट निघते, मग झाडीत शिरते आणि तिथून चढ सुरू होतो. जांभूळ, हिरडा, अंजन, मध्ये कारवीचे रान. शेवटी कातळाचा टप्पा आहे, तिथे आधाराला लोखंडी कठडे लावलेले आहेत. माथ्यावर महादेवाचे छोटे देऊळ. तरण्या माणसाला तासाभराचेही काम नाही, आम्हाला पहिल्या रविवारी दोन तास लागले.

माथ्यावरून खाली कोकण उघडे पडते. एका बाजूला बोरघाटातली रेल्वे आणि एक्स्प्रेसवे, दुसऱ्या बाजूला खोल रान. त्याच रानात उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान कुरवंड्याच्या घाटाने आपली फौज घेऊन खाली उतरला आणि महाराजांनी त्याला त्या अरुंद खिंडीत गाठले. पुढे वाट नाही, मागे वाट नाही, शेवटी शरण येऊन, सामान टाकून जावे लागले. शाळेत हे वाचले होते, पण वरून पाहिल्यावर कळले. आणि आपणा दत्तभक्तांना त्या खिंडीच्या नावातला उंबर दिसल्याशिवाय कसा राहील? आमच्यातल्या मावशींनी वरूनच हात जोडले.

आता मूळ विषयाकडे येतो. ही वाट कोणा एकाची नाही. तिच्यावरून गुरे जातात, सरपणाची मोळी घेतलेल्या बायका उतरतात, देवळाला जाणारे भाविक असतात, दोर खांद्यावर टाकलेले गिर्यारोहक असतात आणि रविवारी पुण्या-मुंबईची मुले असतात. पाऊलवाट जेमतेम एका माणसाची. मग बाजूला कोणी व्हायचे? डोंगरातला रिवाज असा, की उतरणाऱ्याने थांबावे आणि चढणाऱ्याला वाट द्यावी, कारण चढणाऱ्याचा दम एकदा मोडला की पुन्हा लागायला वेळ लागतो. पण डोक्यावर ओझे असलेले माणूस चढत असो की उतरत असो, पहिला मान त्याचा. गुरे आली तर आपण डोंगराच्या अंगाला उभे राहावे, दरीच्या अंगाला कधीच नाही. गाईचा नुसता धक्का लागला तरी पुरतो.

अवधूतांनी पृथ्वीला गुरू केले, तेव्हा तिच्या अंगावरचे डोंगर आणि झाडेही त्यात धरली. त्यांचे सगळे असणेच दुसऱ्यासाठी, हे त्यांच्याकडून शिकावे असे अवधूत सांगतात. हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचले असेल. दुसऱ्या रविवारी मोळीवाल्या बाईंना वाट देण्यासाठी आम्ही सहाही जण एका जांभळीच्या बुंध्याला धरून ओळीने उभे राहिलो, तेव्हा ते झाड आम्हाला धरून होते. बाई हसून म्हणाल्या, "सावकाश जा, बाबांनो, देऊळ कुठं पळत नाही."

कुमारीची गोष्ट आठवत असेल. भात कांडताना बांगड्या वाजतात म्हणून तिने एकेक काढत प्रत्येक हातात एकच ठेवली. घोळक्याने चालले की हाच खणखणाट होतो. एक पुढे पळतो, दुसरा त्याच्या मागे धापा टाकतो. म्हणून आम्ही दोघादोघांनी चालायचे ठरवले. अवधूत दोन बांगड्यांनाही तयार नाहीत, पण इथे मी त्यांचा शब्द जसाच्या तसा घेणार नाही. आपल्या वयाच्या माणसाने डोंगरात एकट्याने जाऊ नये.

मधमाशी आणि मध काढणारा हे दोघेही गुरूंच्या यादीत आहेत. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळे लटकलेली असतात. धूर, उग्र अत्तर आणि मोठा आवाज ह्यांनी ती उठतात. किल्ल्यांवर असे प्रसंग घडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. म्हणून डोंगरावर उदबत्ती-कापूर पेटवू नये, आरती मनात म्हणावी. माश्या उठल्याच तर हातवारे न करता उपरण्याने तोंड झाकून तिथून निघावे. स्पीकर लावून चाललेल्या मुलांना मी हे सांगितले. त्यांनी तो बंद केला, हे त्यांच्याविषयी लिहायलाच हवे.

बाण करणारा कारागीर कामात असा गढला होता, की शेजारून राजाची मिरवणूक गेली तरी त्याला पत्ता नाही. कठड्याच्या टप्प्यावर तेच हवे. नजर पुढच्या पावलावर, मोबाईल पिशवीत. फोटो माथ्यावर पोहोचल्यावर, तोही कड्यापासून लांब बसून.

थोडे व्यवहाराचेही लिहितो, कारण हे विचारणारे बरेच भेटतात. चढताना नामजप चालू ठेवावा. बोलता बोलता चालता येत असेल तर गती बरोबर आहे. दोन शब्दांमध्ये दम घ्यावा लागला तर तिथेच उभे राहावे. डॉक्टरही हीच खूण सांगतात, फक्त जपाऐवजी गप्पा म्हणतात. गुडघ्याला खरा त्रास उतरताना होतो, म्हणून काठी चढताना नसली तरी चालेल, उतरताना हवीच. पावले लहान टाकावीत. मधुमेह असेल तर गूळ-शेंगदाणे खिशात असावेत. छातीत दाब वाटला, डावा हात किंवा जबडा भरून आला तर 'थोडेच राहिले' हे शब्द तोंडातून काढू नयेत, खाली बसावे आणि मदत बोलवावी. पावसाळ्यात ह्या भागात उगाच धाडस करू नये. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते आठवले की आजही अंगावर काटा येतो. मार्गशीर्ष ते माघ हाच आपला काळ.

आता अण्णांविषयी. अण्णा बहात्तर वर्षांचे, आमच्या वाचनातले सगळ्यात जुने श्रोते. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसली आहे. चालायला डॉक्टरांची परवानगी आहे, ताण घ्यायला नाही. गिरनारची कल्पना मुळात त्यांचीच. तिसऱ्या रविवारी ते कठड्यापर्यंत आले, वर पाहिले आणि दगडावर बसले. दोन मुले पुढे होऊन म्हणाली, "आजोबा, चला, आम्ही धरतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"बाळांनो, तुमची पाच मिनिटं," अण्णा म्हणाले. "माझी बेरीज इथं पुरी झाली."

मग आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी इथूनच हात जोडतो. अजगर कुठं जागचा हलतो? तरी त्याला अवधूतांनी गुरू केलाच ना!" त्यांच्या सोबतीला मावशी थांबल्या. आम्ही वरून उतरलो तेव्हा दोघे जण मोळीवाल्या बाईंशी गप्पा मारत बसले होते आणि बाईंनी दिलेल्या काकडीच्या फोडी खात होते.

वरती गेलो त्या आम्हा चौघांत कोणी काही बोलले नाही. पण उतरताना माझ्या मनात सर्प हा गुरू घोळत होता. तो गाजावाजा करत नाही, सावध असतो, घर बांधत नाही, मिळेल त्या बिळात राहतो. अण्णांनी दहा वर्षे धरलेली इच्छा कठड्यापाशी किती शांतपणे खाली ठेवली होती! मला ते जमले असते की नाही, सांगता येत नाही.

गिरनारला ते येणार आहेत. रोपवेने अंबाजीपर्यंत. डोलीचे आम्ही सुचवले, पण "माझं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर नको" म्हणून त्यांनी नाकारले. ह्यावर मावशींचा आणि त्यांचा वाद अजून मिटलेला नाही. मावशींचे म्हणणे, डोलीवाल्याचे पोट त्यावरच आहे, त्याला नाही म्हणण्यात कसला धर्म? मला मावशींचे पटते. परवा गुरुवारी आरतीनंतर अण्णांनी माझ्या हातात कागदाची पुडी दिली. आत नागफणीच्या वाटेवरची मूठभर माती आणि एक रुपयाचे नाणे होते. पादुकांपाशी ठेव म्हणाले. मी ती पुडी प्रवासाच्या पिशवीत, तिकिटांच्या पाकिटाशेजारी ठेवली आहे.