प्रोसेसर घेताना पिढी पाहा

दुकानासाठी, कारखान्याच्या ऑफिससाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कॉम्प्युटर घ्यायचा म्हटले की बाजारात पहिला प्रश्न येतो, "आय-३ देऊ, आय-५ देऊ की आय-७?" जणू आकडा जितका मोठा तितका माल उंची. कापडाच्या धंद्यातील माणूस असा सौदा करीत नाही. समोरच्याने नुसते 'कॅम्ब्रिक आहे' म्हटले म्हणून आपण भाव ठरवीत नाही, काउंट आणि रीड-पीक विचारतो. ६० बाय ६० काउंट, ९२ बाय ८८ रीड-पीक असे सांगितले की माल डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रोसेसरच्या नावातही अशीच माहिती छापलेली असते. ती वाचता न आल्यामुळे आपले बरेच लहान व्यापारी जुना माल नव्याच्या थाटात घेऊन घरी येतात.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरमधील हिशेब करणारा भाग. त्याच्या आत 'कोअर' असतात. एक कोअर म्हणजे एक माग समजा. चार कोअर म्हणजे चार माग. पण नुसती मागांची संख्या सांगून उत्पादन कळत नाही. साधे पॉवरलूम चार आणि एअरजेट चार, यांत दिवसाला किती मीटरचा फरक पडतो हे भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीत कोणाला सांगायला नको. प्रोसेसरची पिढी म्हणजे मागाची जात.

आता नाव कसे वाचावे ते पाहू. इंटेलचा 'आय-७ ४७७०' घ्या. ४७७० मधील पहिला आकडा ४, म्हणजे चौथी पिढी. हा २०१३ सालचा प्रोसेसर आहे. 'आय-३ १२१००' मध्ये पहिले दोन आकडे १२, म्हणजे बारावी पिढी, साल २०२२. दोघांतही कोअर चारच. तरीही हा 'लहान' आय-३ त्या 'मोठ्या' आय-७ पेक्षा ढोबळमानाने दुप्पट काम करतो आणि वीजही कमी खातो. तेव्हा दुकानदार आय-७ म्हणाला की पुढचा आकडा विचारावा. तो सांगायला टाळाटाळ करीत असेल तर पुढच्या दुकानात जावे.

हे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले तिसऱ्या-चौथ्या पिढीचे संच साफसूफ करून 'रिफर्बिश्ड' नावाने विकले जातात. ते चालत नाहीत असे नाही. पण मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे व एएमडीच्या रायझनमध्ये साधारण २००० मालिकेपासून पुढेच चालते. काही दुकानदार आडमार्गाने जुन्या मशीनवर विंडोज ११ चढवून देतात. पडद्यावर सर्व ठीक दिसते, परंतु कंपनी अशा मशीनची जबाबदारी घेत नाही. ज्या मशीनवर जीएसटीचे रिटर्न भरायचे, बँकेचे व्यवहार करायचे आणि पार्टीची उधारी सांभाळायची, तेथे अशी बचत परवडणारी नाही. जुनाच घ्यायचा असेल तर आठवी पिढी ही शेवटची पायरी धरा. मशीन चालू करून सेटिंगमध्ये 'सिस्टीम' आणि त्यात 'अबाउट' उघडावे, तेथे प्रोसेसरचे पूर्ण नाव येते. डब्यावरील स्टिकरवर जाऊ नये.

नावाच्या शेवटी असलेले अक्षरही पाहावे. इंटेलमध्ये 'एफ' असेल तर प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय नसते, वेगळे ग्राफिक कार्ड बसवल्याशिवाय पडदा काळाच राहतो. हा थोडा स्वस्त मिळतो म्हणून हिशेबाच्या कामाला घेतला तर कार्डाचा खर्च उलटा अंगावर येतो. एएमडीचे रायझन ५००० मालिकेपर्यंत उलटे आहे. तेथे 'जी' असेल तरच ही सोय मिळते. म्हणून ५६००जी ऑफिसला चालतो, नुसता ५६०० चालत नाही. ७००० मालिकेपासून 'एफ' सोडून बाकीच्यांत कामापुरती सोय असते. इंटेलने अलीकडे नावे बदलली आहेत. 'कोअर अल्ट्रा ५ २२५' हा १४१०० पेक्षा नवा आहे, आकडा लहान दिसला म्हणून जुना समजू नये.

आता कामाप्रमाणे पाहू. टॅली, बिल, ई-मेल, जीएसटीचे पोर्टल, थोडे एक्सेल एवढेच काम असेल तर बाराव्या पिढीपासून पुढचा आय-३ किंवा रायझन ५ ५६००जी भरपूर झाला. याच्यावर प्रोसेसरमध्ये घातलेला पैसा वाया जातो. तो एसएसडी डिस्क, १६ जीबी रॅम आणि चांगल्या यूपीएसमध्ये घालावा. टॅली उघडायला वेळ लागतो म्हणून प्रोसेसरला दोष देणारे पुष्कळ भेटतात, आणि मशीन उघडले की आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क निघते. माझा हिशेब असा, की ऑफिसच्या संचात पडदा व यूपीएस सोडून शंभर रुपये लागत असतील तर प्रोसेसरचे पंचवीसच्या वर जाऊ देऊ नयेत. इनपेजवर उर्दू मजकूर जुळवणारे, पत्रिका-हँडबिले करणारे छापखानेवालेही याच वर्गात येतात.

साडीचे किंवा ड्रेस मटेरियलचे डिझाइन करणाऱ्यांची गरज वेगळी. फोटोशॉपमध्ये मोठ्या रिपीटची, अनेक थरांची फाइल उघडली की रॅम आधी कमी पडते, प्रोसेसर नंतर. तेथे सहा कोअरचा आय-५ १२४०० किंवा त्याच्या पुढचा १४४००, अथवा रायझन ५ ७६०० घ्यावा आणि रॅम ३२ जीबी ठेवावी. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले होते, म्हणून कोटेशन घेताना रॅमची किंमत वेगळी लिहून मागावी. एकत्र भावात कोणती वस्तू महाग लावली ते कळत नाही.

कॉलेजात प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलामुलींना ऑफिसचाच संच १६ जीबी रॅमसह पुरतो. मुलगा आय-९ शिवाय अभ्यास होणार नाही म्हणत असेल तर तो बहुधा गेमचा विचार करीत आहे, आणि गेमला प्रोसेसरपेक्षा ग्राफिक कार्ड जास्त लागते. आठ, बारा, सोळा कोअरचे प्रोसेसर व्हिडिओ एडिटिंग आणि थ्री-डीचा धंदा करणाऱ्यांसाठी आहेत. त्यांचे काम रात्रभर मशीनवर चालते, म्हणून त्यांना तो खर्च वसूल होतो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतील मोठे प्रोसेसर, म्हणजे १३६००के पासून वरचे, जुने घेताना जपावे. जास्त व्होल्टेजमुळे ते बिघडत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले, दुरुस्तीचे सॉफ्टवेअर दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

पुढे प्रोसेसर बदलण्याचा इरादा असेल तर मदरबोर्डचे सॉकेट पाहा. इंटेलच्या १२, १३, १४ या तिन्ही पिढ्या एकाच सॉकेटवर बसतात, पण ते सॉकेट तेथेच संपले. कोअर अल्ट्राला दुसरे लागते. एएमडीचे एएम-५ सॉकेट २०२२ मध्ये आले आणि २०२७ पर्यंत तरी चालवण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. त्याला डीडीआर-५ रॅमच लागते, घरात पडलेली जुनी रॅम चालणार नाही.

कारखान्यात संच ठेवणाऱ्यांनी आणखी एक करावे. मागाची रुई उडून प्रोसेसरच्या पंख्यात बसते. पंखा गुदमरला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मशीन म्हातारे झाले असे वाटते, प्रत्यक्षात ब्लोअर मारला की पुन्हा पळू लागते. महिन्यातून एकदा, मशीन बंद करून, हे काम करून घ्यावे.

खरेदी पक्की झाली की पक्के बिलच घ्यावे. डबाबंद प्रोसेसरवर इंटेल आणि एएमडी दोघांचीही तीन वर्षांची वॉरंटी असते. सुटा 'ट्रे' प्रोसेसर स्वस्त मिळतो, पण त्याची हमी विकणारा देईल तेवढीच. धंद्याच्या कामासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि कंपोझिशन स्कीममध्ये नसलेल्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याचे क्रेडिट मिळते. त्यासाठी बिलावर आपल्या फर्मचे नाव आणि जीएसटी नंबर असला पाहिजे, तसेच प्रोसेसरचे पूर्ण नाव, आकडे आणि शेवटच्या अक्षरासह, लिहून घेतलेले असावे.